न पाहिलेल्या खिंडीची गोष्ट

(स्त्री संघटनांच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे छापलंय, 'सात मैत्रिणी ५४१६ मीटरवर'. तेव्हा आधीच कबूल करून टाकते. वर गेल्या त्या सहाजणी. मी गेले नाही. थोरोंग खिंड मी फोटोतच पाहिली. तरी बोलायला त्या सहाजणींनी मलाच पुढे केलं. आमच्या आक्का म्हणाल्या, "चढण्याबद्दल कुणीही बोलेल. तू उतरण्याबद्दल बोल."

आधी ही खिंड कुठे आहे ते सांगते. नेपाळमध्ये अन्नपूर्णा शिखरांची एक मोठी रांग आहे. तिला वळसा घालून जाणारी एक जुनी पायवाट आहे. एका बाजूला मर्स्यांगदी नदीचं खोरं, दुसऱ्या बाजूला कालीगंडकीचं. आपल्या देवघरात जो शाळिग्राम असतो तो याच कालीगंडकीतला. या दोन खोऱ्यांच्या मध्ये जी खिंड आहे ती थोरोंग ला. 'ला' म्हणजे तिबेटी भाषेत खिंड. उंची ५४१६ मीटर. कळसूबाई १६४६ मीटर. तीन कळसूबाया एकावर एक ठेवल्या तरी खिंड पावणेपाचशे मीटर वर उरते. खिंड ओलांडली की पलीकडे मुक्तिनाथ. हिंदू आणि बौद्ध दोघंही त्याला मानतात.

आम्ही गेलो २०२३ च्या नोव्हेंबरात. सातजणी. सर्वांत लहान ३४ वर्षांची, सर्वांत मोठ्या आक्का, ६१ वर्षांच्या. मी ५२ ची. दोघी शिक्षिका, एक नर्स, एक शिवणकाम करणारी, एक बँकेतली, आक्का निवृत्त अंगणवाडी सेविका आणि मी, आपल्या सल्ला केंद्रात बसणारी. ही मोहीम माझ्याच डोक्यातून निघालेली. पैशांची भिशी मी सुरू केली, गाडीची तिकिटं मी काढली, सराव मी घेतला. आठ महिने दर दुसऱ्या रविवारी कुठला ना कुठला डोंगर चढत होतो.

सरावात सर्वांत मागे कोण? आक्का. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर त्या दर दहा पायऱ्यांनी थांबायच्या आणि मोठ्याने सांगायच्या, "थांबा ग, मला धाप लागली." आम्ही थांबायचो. खरं सांगते, मनात मी वैतागायचे. यांना घेऊन जायचं कसं, असं मी दोघीतिघींपाशी बोललेही होते. आज त्यांच्यासमोर ते कबूल करते.

घरच्यांच्या परवानग्यांची कहाणी तुम्हाला नवी नाही. पंधरा-सतरा दिवस घर कोण बघणार, सासूबाईंचं पथ्य कोण सांभाळणार, या वयात हे काय सुचलं. एकीने फ्रीजवर रोजच्या स्वयंपाकाचा तक्ता चिकटवला आणि निघाली. एकीला शेवटच्या दिवसापर्यंत खात्री नव्हती. ती स्टेशनवर आली तेव्हा आम्ही सगळ्या रडलो.

पोखऱ्याला पोचल्यावर वाटाड्या ठरवायची होती. वाटाड्या बाईच हवी असा आमचा आग्रह होता. एके काळी हे जमणं अवघड होतं. लकी, डिकी आणि निकी छेत्री या तीन बहिणींनी १९९० च्या दशकात पोखऱ्यात बायकांना या कामाचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली, आणि हे बाईचं काम नव्हे म्हणणाऱ्यांना उत्तर मिळालं. आता अशा बायका बऱ्याच ठिकाणी भेटतात. आम्हालाही ओळखीतून एकजण मिळाली, पस्तिशीची. ती आम्हा सगळ्यांना 'दिदी' म्हणायची, आम्ही तिला 'बहिनी'. तिच्याबरोबर एक मदतनीस आणि ओझं वाहणाऱ्या तीन मुली. ओझ्याचा पट्टा कपाळावर घेऊन त्या चालायच्या. त्याला 'नाम्लो' म्हणतात.

या तिघींच्या रोजाचा दर कुणी ठरवला? मी. आणि मी घासाघीस केली. इथे भाजीवाल्या बाईशी करते तशीच. दिवसाला शेकडा रुपये कमी करून घेतले आणि मैत्रिणींना फुशारकीने सांगितलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मनांगपर्यंत आता कच्चा रस्ता झालाय, जीप जाते. पण उंची अंगवळणी पडायला हवी म्हणून आम्ही धारापानीपासून चालायला लागलो. पहिले दिवस सुखाचे होते. खाली मर्स्यांगदीचा आवाज, मग पाइनची झाडी, चामे गावानंतर हळूहळू झाडं कमी, माती कोरडी. वरचं पिसांग ओलांडलं की समोर अन्नपूर्णेची शिखरं, इतकी जवळ की बोलणं बंद होतं. भाताची जागा जव आणि बटाट्याने घेतली. शेतात बायका, दुकानात बायका, चुलीशी बायका. बहिनीला विचारलं, पुरुष कुठे आहेत? ती म्हणाली, बरेच शहरात नाहीतर परदेशी. ऐकल्यावर कोकण आठवलं.

मनांग ३५४० मीटरवर. तिथे दोन रात्री मुक्काम सक्तीचा, असं बहिनीने आधीच सांगितलं होतं. आमच्यातल्या एकदोघी कुरकुरल्या, बऱ्या आहोत तर पुढे का नाही? तेव्हा ती आम्हाला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनच्या दवाखान्यात घेऊन गेली. ही संस्था १९७३ साली निघाली. हंगामात मनांगला त्यांचे डॉक्टर असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना उंचीच्या आजाराविषयी समजावून सांगतात.

ते थोडक्यात तुम्हालाही सांगते, कारण आता आपल्यातल्या कितीतरी जणी केदारनाथला, लडाखला जातात. उंचावर हवेतलं प्राणवायूचं प्रमाण कमी होत नाही. हवेचा दाब कमी होतो, म्हणून प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू कमी. थोरोंगवर दाब समुद्रकाठच्या निम्म्यावर येतो. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला दिवस द्यावे लागतात. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज तीनशे ते पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि मधूनमधून एक दिवस थांबावं. डोकं दुखणं, मळमळ, भूक जाणं, झोप न लागणं ही पहिली खूण. तिथे थांबायचं, वर जायचं नाही. चालताना झोक जायला लागला, बोलण्यात गोंधळ झाला, तर मेंदूला सूज येतेय. बसल्या जागी धाप लागली, तर फुफ्फुसात पाणी होतंय. या दोन्हींत तासांचा हिशेब असतो. औषधं आहेत, पण खरा उपाय एकच. खाली उतरणं, ताबडतोब, रात्र असली तरी.

आणि तगडेपणाचा याच्याशी संबंध नाही. रोज व्यायाम करणाऱ्यालाही होतो, साठीच्या बाईला होतही नाही. आधी कळायला मार्ग नाही. म्हणून ज्याला त्रास होतो त्याने तो सांगणं, हे एकच साधन उरतं.

बहिनीने त्याची पद्धत लावली होती. रोज संध्याकाळी शेगडीभोवती बसायचं आणि एकेकीने सांगायचं. डोकं? पोट? झोप? चाल? आक्का रोज यादी वाचल्यासारखं सगळं सांगायच्या. "आज डोकं थोडं जड आहे. सूप अर्धंच गेलं. दुपारी दोनदा बसले." मग बहिनी त्यांना पाणी प्यायला लावायची, दुसऱ्या दिवशी चाल आणखी हळू करायची. याक खर्कला, ४०५० मीटरवर, आक्कांचं डोकं दुखलं तर आम्ही तिथे एक रात्र जास्त काढली.

त्याच रात्री माझंही डोकं दुखायला लागलं होतं. मी काय सांगितलं? "ठीक आहे."

का? मी खूप विचार केला आहे यावर. एक तर मी पुढारी. एक दिवस आधीच वाया गेला, आता माझ्यामुळे दुसरा नको. दुसरं, मी आक्कांवर मनातून वैतागले होते, आता कुठल्या तोंडाने सांगू? आणि तिसरं सर्वांत जुनं. आमच्या घरात आजीचं एकच कौतुक व्हायचं, "कधी हूं की चूं केलं नाही." माझ्या आईचंही तेच. मीही बाळंतपणात ओरडले नाही म्हणून मला शाबासकी मिळाली होती. पंचवीस वर्षं मी सल्ला केंद्रात बसते. समोरच्या बाईला रोज सांगते, बाई ग, सोसू नकोस, बोल. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा पदराआड दोन गोळ्या गिळल्या आणि पुढे चालले.

दुसऱ्या दिवशी थोरोंग फेदी. फेदी म्हणजे पायथा. उंची ४४५० मीटर. रात्री उलटी झाली. बाहेर जाऊन, कुणाला कळू न देता. पहाटे चारला निघायचं होतं, कारण सकाळ चढली की खिंडीत वारा सुटतो. निघण्यापूर्वी बहिनीने आम्हाला जेवणघरात ओळीने उभं केलं. फरशीच्या रेघेवरून टाचेला चवडा लावत दहा पावलं चालायचं. आक्का चालल्या. सगळ्या चालल्या. मी तिसऱ्या पावलाला भिंतीवर गेले. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा भिंत. मी हसून म्हटलं, "अंधार आहे ना." दिवा माझ्या डोक्यावर होता.

बहिनी हसली नाही. तिने विचारलं, "दिदी, डोकं कधीपासून दुखतंय?" मी म्हटलं, "आत्ताच." माझ्या खोलीतली मैत्रीण म्हणाली, "खोटं. ही रात्री उलटी करून आली. मला वाटलं हिने सांगितलं असेल."

पाच मिनिटांत निर्णय झाला. मी खाली जायचं. मी वाद घातला. आठ महिने, भिशी, लोक काय म्हणतील, सगळं बोलले. बहिनीने ऐकून घेतलं आणि २०१४ ची आठवण दिली. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला याच खिंडीच्या परिसरात हिमवादळ झालं. अन्नपूर्णा आणि धौलागिरीच्या भागात मिळून चाळीसहून जास्त माणसं गेली. पर्यटक होते, तसे नेपाळी लोकही होते. ती म्हणाली, "दिदी, खिंड उद्याही इथेच असते."

तिने मला एक गोळी दिली आणि बजावलं, गोळी घेतली म्हणजे उतरायचं राहिलं असं समजू नका. सहाजणींना घेऊन ती वर निघाली. मदतनीस मुलगी आणि ओझंवाल्यांपैकी एक, गोरखा जिल्ह्यातली बावीस वर्षांची पोर, अशा दोघी मला धरून खाली निघाल्या. अंधार, थंडी, दरडींचा भाग. एक पुढे, एक मागे. माझ्या कमरेला त्यांनी दोर बांधला होता. मी लहान मुलासारखी चालत होते.

उजाडलं तेव्हा आम्ही याक खर्कच्या जवळ आलो होतो. डोकं जरा हलकं झालं. एका दगडावर बसलो. ती गोरख्याची पोर माझ्याशेजारी बसली, माझा हात धरून हसली आणि म्हणाली, "दिदी, बरं झालं तुम्ही आजारी पडलात."

मला वाटलं, भाषेची गफलत असेल. मी मदतनिसाकडे पाहिलं. तिने विचारून घेतलं. मग हळूहळू कळलं. या पोरीचं डोकं परवापासून दुखत होतं. काल तीही ओकली होती. माझ्यासारखीच, बाहेर जाऊन. पाठीवर आमच्या दोघींचं सामान घेऊन ती आज खिंड चढणार होती. मी पडले म्हणून तिला उतरायला मिळालं.

मी विचारलं, "सांगितलं का नाहीस?"

ती म्हणाली, पूर्वी ती एका ठेकेदाराकडे कामाला होती. तिथे ओझं उचललं नाही तर त्या दिवसाचा रोज नाही. एकदा आजारी पडली तेव्हा हिशेब करून पैसे हातावर ठेवले आणि एकटीला खाली पाठवलं. तेव्हापासून ती सांगत नाही. बहिनी चांगली आहे हे तिला ठाऊक होतं. पण पैसे बहिनीचे नाहीत, आमचे. आणि आम्ही पोखऱ्यात दर पाडून घेणाऱ्या बायका. तिने ते ऐकलं होतं.

मैत्रिणींनो, त्या दगडावर बसून मी काय काय आठवलं! रोज संध्याकाळी शेगडीभोवती आम्ही गोल करून बसत होतो. किती चांगली पद्धत, आपल्या बैठकांसारखी, असं मी मैत्रिणींना म्हणालेही होते. त्या गोलात आम्ही सात होतो. ओझं वाहणाऱ्या तिघी कुठे होत्या? स्वयंपाकघरात. त्यांना बहिनी जाता जाता विचारायची, त्या "ठीक" म्हणायच्या. आम्ही सातजणींनी एकदाही मान वळवून पाहिलं नाही. स्त्री चळवळीतल्या बायका आम्ही! आमच्या मोकळेपणाचं ओझं कुणाच्या तरी कपाळावर होतं आणि त्या कपाळाला दुखतंय का, हे विचारायला आम्हाला सुचलं नाही.

मी गप्प राहिले आणि ती गप्प राहिली, पण या दोन गप्प राहण्यांत फरक आहे. मी सांगितलं असतं तर माझं काय जाणार होतं? मान. तिने सांगितलं असतं तर रोज जाणार होता, कदाचित पुढचं कामही. मला सांगायला शिकवलं की पुरे होतं. तिला शिकवून काही होणार नव्हतं. तिला चांगलं ठाऊक होतं काय होतंय. तिच्यासाठी सांगणं स्वस्त करायला हवं होतं, आणि ते करणं आमच्या हातात होतं.

हे काही मला नव्याने सुचलेलं नाही. १९९७ साली नेपाळमध्ये एका तरुण भारवाहकाला उंचीचा आजार झाला. पैसे देऊन त्याला एकट्याला खाली पाठवलं. तो वाचला नाही. त्यानंतर इंटरनॅशनल पोर्टर प्रोटेक्शन ग्रुप ही संघटना उभी राहिली. तिच्या मागण्या किती साध्या आहेत पाहा. भारवाहकाला थंडीचे कपडे हवेत, निवारा आणि अन्न हवं, पर्यटकाला मिळतात तेच उपचार हवेत, आणि आजारी माणसाला एकटं खाली पाठवायचं नाही. या गोष्टी लिहून ठेवाव्या लागतात, यातच सगळं आलं.

पुढचं थोडक्यात. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही मनांगला पोचलो. डॉक्टरांनी दोघींना तपासलं. मला त्यांनी सांगितलं की या खेपेला पुन्हा वर जायचं नाही. त्या पोरीला दोन दिवस विश्रांती दिली. आम्ही दोघी एकाच खोलीत झोपलो, एकाच शेगडीशी बसलो. चौथ्या दिवशी जीपने खाली आलो.

तिकडे सहाजणी सकाळी दहाच्या सुमाराला खिंडीत पोचल्या. सर्वांत शेवटी आक्का. वर प्रार्थनेच्या रंगीत पताका असतात, एक फलक असतो, चहाची टपरी असते. आक्कांनी चहा घेतला आणि बहिनीला आपली यादी सांगितली, "डोकं नाही, मळमळ नाही, गुडघे आहेत." मग सोळाशे मीटरहून जास्त उतार, म्हणजे एका दिवसात अख्खी कळसूबाई उतरणं. जिच्यामुळे मोहीम अडेल अशी मला भीती होती ती पार झाली, कारण तिने कधीच काही लपवलं नाही.

पोखऱ्यात आमची बैठक झाली. या वेळी गोलात बाराजणी होत्या. तिघींना सगळ्या दिवसांचा पूर्ण रोज दिला, आजारपणाचे दिवस धरून, आणि मी पाडून घेतलेले पैसेही परत केले. हे मोठेपण म्हणून सांगत नाही. ते त्यांचेच होते.

पुढच्या तुकडीसाठी आम्ही नियम लिहिले आहेत. आजारी पडलं तरी रोज मिळेल, हे निघण्यापूर्वी, सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगायचं. संध्याकाळच्या गोलात ओझं वाहणाऱ्याही बसतील, आणि बोलायला सुरुवात त्या करतील. पुढारीण सर्वांत शेवटी बोलेल, पण तिनेही रेघेवर चालून दाखवायचं. खाली उतरणारीबरोबर नेहमी दोघी.

कळसूबाईची दंतकथा तुम्हाला ठाऊक असेल. कळसू पाटलाकडे कामाला राहिली ती अट घालून, केर-भांडी करणार नाही. अट मोडली तेव्हा ती निघून डोंगरावर गेली. लहानपणापासून ही गोष्ट मी देवीची म्हणून ऐकत आले. आता मला ती कामाला राहिलेल्या मुलीची वाटते. तिला अट घालता आली, आणि निघून जाता आलं. तिला डोंगर होता. आपल्याकडे येणाऱ्या किती जणींना तो असतो?

सल्ला केंद्रातल्या माझ्या टेबलाशी परत आल्यापासून मी एक सवय लावून घेतली आहे. समोरची बाई गप्प बसली की पूर्वी मी म्हणायचे, "बोल ना, घाबरू नकोस." आता मी आधी विचारते, "बोललीस तर तुझं काय काय जाईल?" घर जाईल, मुलं तोडतील, काम सुटेल, रेशनकार्डावरचं नाव जाईल. ती एकेक सांगते आणि मी लिहून घेते. त्यातलं काय काय आपण मिळून वाचवू शकतो ते पाहतो. मग पुष्कळदा ती आपणहून बोलू लागते.

पुढची तुकडी ऑक्टोबरात निघणार आहे. नावं बाहेर आक्कांकडे द्या. मीही पुन्हा जाणार आहे. या वेळी फार हळू चालेन, आणि डोकं दुखलं की पहिल्याच संध्याकाळी सांगेन. खिंड दिसली तर दिसली.